पिता, पुत्र आणि पंडिता रमाबाई

योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, मी व पिता एक आहोत. पुढे म्हणतो, पिता माझ्याहून थोर आहे. मग येशू देव की देवाने पाठविलेला? १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनाही हा प्रश्न छळत होता. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या. विधवांच्या शाळेसाठी १८८७ साली बोस्टनला मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष हेल त्रैक्य न मानणारे युनिटेरियन, तर उपाध्यक्षांपैकी ब्रूक्स त्रैक्य मानणारे! तरी दोघे एकत्र आले आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. आम्हां बेटावरच्या मराठी लोकांचे शेजारीही ख्रिस्ती आहेत. मते निराळी असोत. सत्कार्यात आम्ही वेगळे का राहावे?