कलम आणि मूळ

पनवेल येथें ‘बेथ एल’ नांवाचें यहूदी प्रार्थनामंदिर आहे. तें इ. स. १८४९ मध्यें स्थापन झालें. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘देवाचें घर’. याकोबानें स्वप्नांत शिडी पाहिली त्या ठिकाणास त्यानें हेंच नांव दिलें, असें उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायांत आहे. ही कथा यहूदी लोक हिब्रूंत वाचतात व आम्ही मराठींत. तेव्हां ख्रिस्ती शास्त्रांतील भविष्यकथनांत या लोकांचें स्थान काय, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस परका वाटूं नये.

कोंकणांतील हे यहूदी आपणांस बेने इस्राएल म्हणवितात. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास लागल्या व त्यांच्यापासून आपला विस्तार झाला, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. परंतु शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणूं लागले. ग्रंथ गेले, पूर्वजांची भाषा गेली. तरी शब्बाथ, सुंता व ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनीं सोडली नाहीं.

देव आपल्या विखुरलेल्या प्रजेस चारी दिशांतून गोळा करील, असें यशया ११ व्या अध्यायांत सांगतो. सुकलेल्या अस्थींत प्राण येईल, असें यहेज्केल ३७ व्यांत. या वचनांच्या अर्थाविषयीं ख्रिस्ती आचार्यांत एकमत नाहीं. तीं ख्रिस्ताच्या ठायीं पूर्ण झालीं, असें कांहीं म्हणतात. तीं अक्षरशः घडावयाचीं, असें दुसरे म्हणतात. १४ मे १९४८ रोजीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, तें या दुसऱ्या पक्षास मोठें चिन्ह वाटलें. पुढें बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें तिकडे गेलीं. परंतु वर्तमानपत्रांतील बातमीस वचन जोडून काळ ठरविणें उचित नव्हे. इस्राएलास राज्य केव्हां परत मिळेल, असें शिष्यांनीं विचारलें असतां, तो काळ जाणणें तुमचें काम नव्हे, असेंच प्रभूनें त्यांस सांगितलें. शिवाय भविष्यवचनाच्या आधारें कोणत्याहि राज्याचें प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाहीं. संदेष्ट्यांनीं स्वजनांसहि न्यायाचाच धडा दिला.

या विषयाचें मर्म संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायांत आहे. तेथें इस्राएल हा जैतुनाचा वृक्ष असून परराष्ट्रीय विश्वासी या त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्या आहेत. कोंकणांतला माळी रायवळ आंब्याच्या रोपावर हापुसाची काडी बांधतो, म्हणजे उत्तम फांदी साध्या मुळावर. पौलाचें कलम याच्या उलट, आणि हें सृष्टिक्रमाविरुद्ध आहे हें तो स्वतःच सांगतो. म्हणून फांदीनें गर्व करूं नये. ती मुळास धारण करीत नाहीं, मूळच तिला धारण करितें. देवाचें पाचारण मागें घेतलें जात नाहीं, हेंहि तो तेथेंच लिहितो.

ही शिकवण विसरल्याचें फळ इतिहासांत दिसतें. ज्या यूरोपांत ख्रिस्ती नांव घेणारांनीं शतकानुशतकें यहूद्यांचा तिरस्कार केला, तेथेंच १९४५ पर्यंतच्या कांहीं वर्षांत सुमारें ६० लक्ष यहूदी मारले गेले. आमच्या कोंकणांत मात्र ते हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांत शतकानुशतकें निर्भयपणें राहिले.

मिशनांच्या इतिहासांतहि एक बोध आहे. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं पुढें बेने इस्राएल मुलांसाठीं शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत रचिलें. हे लोक ख्रिस्ती होतील अशी आशा होती, झाले थोडेच. बाकीच्यांनीं मराठी जुना करार वाचला, हिब्रू शिकून घेतली आणि पूर्वजांचा धर्म अधिक दृढ धरिला. तें श्रम वायां गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मुळानें आम्हांस स्तोत्रें, संदेष्टे व स्वतः प्रभु येशू दिला, त्याचें ऋण त्या गुरुजनांनीं अंशतः फेडलें. भविष्यवचन पुरें करणें देवाच्या हातीं आहे. शेजाऱ्याचा मान राखणें आमच्या हातीं आहे.