सहलीला लेकरे नेताना : बाळ अंगाला बांधायचे, पण कसे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल कोंडाण्याच्या लेण्यांना गेली. कर्जत स्टेशनला उतरलो, टमटमने कोंडिवड्यापर्यंत गेलो आणि तिथून पुढे रानातली चढाची पायवाट धरली. सोबत लहान मुले बरीच होती. त्यातली सात तर चार वर्षांच्या आतली. पहिल्या सावलीला टेकलो तेव्हा एका आजीने शेजारी बसलेल्या सुनेला विचारले, "पोर असं काय घुरघुरतंय गं?"

पोर दोन महिन्यांचे होते. बाजारातून आणलेल्या, खांद्याला अडकवायच्या पिशवीसारख्या झोळीत ते मुटकुळे होऊन झोपले होते. आईला वाटले, गाढ झोपलेय. आजीने कापड बाजूला केले तर हनुवटी छातीला टेकलेली आणि ओठ काळपट. तिने बाळाला उचलून सरळ धरले, डोके मागे केले, पाठ चोळली. बाळाने मोठा श्वास घेतला आणि टाहो फोडला. त्या रडण्याने आम्हा सगळ्यांना किती बरे वाटले ते सांगून समजायचे नाही. बाळ आज ठणठणीत आहे. पण आईची काही चूक नव्हती, तिला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान याच विषयाला दिले आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे झोळी म्हणजे तुळईला किंवा झाडाला साडी टांगून केलेला पाळणा. या लेखात झोळी म्हणजे कापडाने बाळ अंगाला बांधून घेणे. हीसुद्धा काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. आपल्या आज्या-पणज्या लुगड्याने पोर पाठीशी बांधून शेतावर, खडी फोडायला, बांधकामावर गेल्या. कर्जत-खालापूर भागातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांत आणि वीटभट्ट्यांवर आजही बाया तसेच बांधतात. शहरात आलो, चाळीत-वस्तीत राहिलो, तेव्हा ते गरिबीचे लक्षण वाटून आपण सोडून दिले. आता तेच मोठ्या दुकानात हजारोंच्या किमतीला मिळते.

अंगाशी धरण्याने बाळाचे भले होते हे दवाखान्यांनीही मानले आहे. कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या एका इस्पितळात काचेच्या पेट्या पुरेनात, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवले तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले. अर्थात ते दवाखान्यात, नर्सच्या देखरेखीखाली. रानातल्या चढावर तसली देखरेख नसते, तिथे आपले डोळेच नर्स.

आता आमच्या सहलीत काय बिघडले ते समजून घेऊ. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान लेचीपेची. श्वासनळी अरुंद आणि मऊ असते. उसाच्या रसाची कागदी नळी वाकली की रस वर येत नाही, तसेच हनुवटी छातीवर दबली की श्वास कोंडतो. मोठा माणूस झोपेतही मान फिरवून घेतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही, आणि श्वास अडलेले मूल रडतही नाही. दुसरा धोका म्हणजे कापड किंवा आईचे अंगच नाका-तोंडावर दाबले जाणे. यात एक-दोन मिनिटेही पुरतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये अशा झोळ्यांबद्दल इशारा दिला होता. त्यांच्याकडे मागच्या वीस वर्षांतले किमान १४ मृत्यू नोंदले होते आणि त्यातली १२ बाळे चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून चार महिन्यांच्या आतले, कमी वजनाचे, दिवस भरायच्या आधी जन्मलेले किंवा सर्दीने नाक चोंदलेले बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळीत घालू नये. आणि पिशवीसारखी खोल झोळी तर कुठल्याच तान्ह्याला नको.

मग चांगली झोळी कोणती? आमच्या मते जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी. साडेपाच मीटर लांबी पुरून उरते. लांबीच्या बाजूने दुमडून दुपदरी केली की लहान बाळाला रुंदीही बेताची होते. मात्र साडी उजेडासमोर धरून पाहा. विरलेली, जाळी पडलेली नको. दोन्ही हातांनी जोरात ताणून पाहा. सिंथेटिक किंवा रेशमी साडी घेऊ नका, गाठ सरकते आणि बाळ घामाने भिजते.

पोटाशी बांधण्याची रीत अशी. साडीचा मधला भाग आपल्या छातीवर धरावा. दोन्ही टोके काखेखालून पाठीवर न्यावीत, तिथे एकमेकांवरून फुलीसारखी फिरवून विरुद्ध खांद्यांवरून पुढे आणावीत. आता छातीवर एक खिसा तयार होतो. बाळाचे तोंड आपल्याकडे करून त्याला वरून त्या खिशात उतरवावे. कापड त्याच्या ढुंगणाखाली एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरावे आणि वर मानेपर्यंत ओढावे. मग खांद्यावरून आलेली टोके थोडी थोडी खेचत ढिलाई काढावी. शेवटी टोके बाळाच्या ढुंगणाखाली फुली करून, मांड्यांखालून पाठीमागे न्यावीत आणि दोन पक्क्या गाठी माराव्यात. उरलेला पदर खोचून टाकावा, पायात आला तर दोघेही पडाल. हे सगळे होईस्तोवर बाळावरचा एक हात काढायचा नाही. पहिल्यांदा करताना घरात, गादीजवळ बसून, पाच किलो तांदळाच्या पिशवीवर शिका. आम्ही तसेच शिकलो, आणि पहिली पिशवी दोनदा पडली.

बांधून झाल्यावर तपासणी. बाळाचे नाक-तोंड मान खाली घालताच दिसते का? मान थोडी वाकवून त्याच्या डोक्याची पापी घेता येते का? नसेल तर ते फार खाली आहे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटे जातात का? पाठ सरळ टेकलेली आहे की कमरेत घडी पडलीये? आपण पुढे वाकलो तर बाळ अंगापासून सुटून लोंबते का? शेवटची परीक्षा फार कामाची आहे. लोंबले तर सगळे सोडून पुन्हा बांधा. वाटेत दर थोड्या वेळाने नाकाखाली बोट धरून श्वास बघत राहा. तोंडावर पदर किंवा ओढणी टाकायची सवय आपल्याकडे आहे, नजर लागू नये म्हणून, ऊन लागू नये म्हणून. ती सोडायला हवी. उन्हासाठी टोपी घाला, पण चेहरा उघडा राहू द्या.

पाय बेडकासारखे फाकलेले असावेत, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर. पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ बांधू नका अशी देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण पुष्कळ खाली आले. आपल्या बायका पोर कडेवर घेतात, त्यात पाय आपोआप फाकतात. ही आपली जुनी सवय चांगलीच आहे. मान पूर्ण धरू लागलेले बाळ एका खांद्यावरून बांधून कडेवर घेता येते, आणि आधाराशिवाय बसू लागले की पाठीवर.

एवढे झाले बाळाचे. पण सहलीत बाळ एकटे नसते. एका बाईकडे स्वतःची दोन, जावेचे एक आणि शेजारणीचे एक, असा हिशेब असतो. झोळीने दोन्ही हात मोकळे होतात. कर्जत लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडा धरता येतो आणि दुसऱ्या हाताने तीन वर्षांच्या पोराचे मनगट. स्टेशनवर, रस्ता ओलांडताना, टमटममध्ये चढताना याचा खरा फायदा. (गर्दीत मूल पाठीवर नको, पोटाशीच हवे. मागून कुणाचा कोपर लागतोय ते कळत नाही.)

इथेच आमचे एक ठाम म्हणणे आहे. झोळीने हात मोकळे होतात, पण पाय मोकळे होत नाहीत. पोटाशी बाळ बांधलेली बाई धावू शकत नाही, पटकन वाकू शकत नाही, पाण्यात उतरू शकत नाही. तिच्या भरवशावर आणखी तीन पळती पोरे सोडणे म्हणजे कुणाच्याच भरवशावर न सोडणे. कोंडाण्याच्या वाटेवर ओढा लागतो, दगड सुटे आहेत, आणि पावसाळ्यात तर लेण्यांच्या माथ्यावरून धबधबा पडतो, खालची कातळे शेवाळलेली असतात. तिथे वाटणी अशी हवी : जिच्या अंगावर बाळ आहे तिने फक्त बाळ आणि हात धरून चालणारे एक मूल बघायचे. पळणाऱ्या पोरांमागे ज्याच्या अंगावर काही नाही असा माणूस. पाण्याजवळ एकाने काहीही न करता फक्त पोरांकडे बघत बसायचे, डबा उघडायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. कुणाकडे कोणते मूल हे टमटममधून उतरतानाच नावानिशी ठरवा. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटले की कुणीच ठेवत नाही.

चढ-उताराचेही तसेच. पोटाशी बाळ असले की आपली पावले आपल्याला दिसत नाहीत. सपाट रस्त्यावर चालते, पण दगडी उतारावर नाही. म्हणून पाठीवर घेण्याजोगे झालेले मूलच वर न्यावे, हातात काठी असावी आणि पुढे एक माणूस चालावा. त्याहून लहान बाळ असेल तर खाली गावात सावलीला थांबावे आणि सोबत कुणीतरी राहावे. लेणी दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिथेच आहेत. चैत्यगृहाजवळच्या मूर्तीपाशी, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा ब्राह्मी लेख आहे. तोही पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथेच असेल. तेव्हा बाळ स्वतःच्या पायांनी चढेल. एक मूल पुढे आणि एक मागे असे दोन बांधून चढणे आम्ही एकदा पाहिले. कौतुक वाटले, पण कुणाला करा म्हणणार नाही.

मोटारसायकलवर झोळी म्हणजे सुरक्षा नव्हे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. साडी हा तो पट्टा नाही. चुलीजवळ, चहाच्या पातेल्याजवळ बाळ बांधून उभे राहू नये. सहलीत ही चूक सर्रास होते.

उन्हात बाळ आणि आई दोघांची ऊब एकत्र होते. झोळी हाच एक कपडा समजा, आत पातळ झबले पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तहान लागली असेल म्हणून पाणी पाजू नका. त्याला अंगावरचे दूधच वारंवार द्या आणि पाणी आईने प्यावे. दूध पाजताना झोळी ढिली करावी लागते. पाजून झाले की बाळाला पुन्हा वर घेऊन घट्ट करायला विसरू नका, बरेच अपघात या वेळी होतात. कधी बाळ निपचित वाटले, ओठ निळे-काळे दिसले, तर गाठ सोडण्यात वेळ घालवू नका. कापड ओढून बाळ बाहेर काढा, सपाट ठेवा, डोके सरळ करा, तळवे आणि पाठ चोळा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर त्याच्या नाका-तोंडावर आपले तोंड ठेवून अगदी हलकी फुंकर घाला, छाती उचललेली दिसेल एवढीच.

आता ओझे कुणी वाहायचे? नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने नाही. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळण्यात साऱ्या समाजाचे हित आहे हे मांडले, आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. तो कारखान्यातल्या बाईसाठी होता, पण सहलीतल्या बाईचे शरीर काही वेगळे नसते. सिझेरियनचे टाके असतील, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाळ बांधू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. चढावर धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बाळासकट पडते.

दहा-बारा वर्षांच्या ताईनेही नाही. आपल्या वस्तीत मोठ्या मुलीच्या कडेला धाकटे भावंड चिकटवून द्यायची रीतच आहे. तिची पाठ अजून वाढत असते, आणि घसरली तर दोन मुले पडतात. शिवाय ती लेणी बघायला आली आहे. त्या दिवशी आमच्या बरोबरची एक मुलगी भाऊ कडेवर घेऊन चैत्याच्या बाहेरच बसून राहिली होती. आत काय आहे ते तिने परत येताना लोकलमध्ये आम्हाला विचारले.

उरले पुरुष. आमच्या सहलीत तीन होते, तिघेही पाण्याचे कॅन वाहत होते आणि फोटो काढत होते. त्या प्रसंगानंतर एका भाऊंनी बायकोची साडी मागून घेतली आणि दीड वर्षाची लेक पाठीशी बांधली. बाकीचे हसले, पण लेक झोपून गेली. पुरुषांचे खांदे रुंद, साडी नीट बसते, आणि साडेपाच मीटर त्यांनाही पुरते. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी पौर्णिमेच्या दिवशी वंदना झाल्यावर विहारात यावे. येताना जुनी सुती साडी आणि पाच किलो तांदूळ आणावेत. तांदूळ परत घरी न्यायचे आहेत, पण पिशवीचे तोंड शिवून आणा.