काशाच्या वाडग्याचे वादन

नेपाळच्या काठमांडू खोऱ्यात, विशेषतः पाटण या जुन्या कारागीर-नगरात घडवला जाणारा आणि ध्यानासाठी किंवा विश्रांतीसाठी वाजवला जाणारा काशाचा वाडगा आज जगभर सिंगिंग बोल या नावाने ओळखला जातो. रचनेच्या दृष्टीने तो घंटेच्याच कुळातला आहे. घंटा माथ्याने टांगलेली असून तिची कड खाली मोकळी असते, तर वाडगा बुडावर टेकलेला असून त्याची कड वर मोकळी राहते. नाट्यशास्त्रातील तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या चतुर्विध वर्गीकरणात त्याची जागा घनवाद्यांत, म्हणजे ज्यांचे स्वतःचे घन अंगच कंप पावते अशा टाळ-झांजांसारख्या वाद्यांत लागते. मात्र टाळ लय धरतो, तर वाडग्याला लय अशी नसतेच; त्याचे सारे कार्य नाद लांबवण्याचे असते.

कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू असून घंटेसाठी योग्य अशा काशात सुमारे ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते. एवढ्या कथिलामुळे धातू कडक व नादवंत होतो, पण थंड अवस्थेत तितकाच ठिसूळही होतो. म्हणून ओतीव चकती भट्टीत लाल होईपर्यंत तापवून ती निवण्याआधीच काही कारागीर आळीपाळीने घण मारतात, पुन्हा तापवतात, पुन्हा ठोकतात आणि वाडग्याचा आकार आला की तो तापलेलाच पाण्यात बुडवतात. पोलाद असे एकदम थंड केले तर ते अधिक ठिसूळ होते. काशाचा ठिसूळपणा मात्र अशाने कमी होतो. घणाच्या खुणांमुळे अंगाची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, आणि ही असमानता पुढे नादात उतरते. सात ग्रहांचे सात धातू त्यात मिसळलेले असतात ही विक्रेत्यांची आवडती कथा होय. पृथक्करणात प्रामुख्याने तांबे आणि कथीलच हाती लागते.

वादनाच्या आघात आणि घर्षण अशा दोन रीती आहेत. दोन्हींत वाडगा पकडायचा नसतो, तो केवळ पेलायचा असतो: लहान वाडगा सपाट तळहातावर, मध्यम आकाराचा बोटांच्या टोकांवर आणि मोठा कापडी चुंबळीवर ठेवतात, कारण बोटे त्याच्या अंगाला लागली की कंप तेथेच दबतो. आघातासाठी दांडीचे लोकर वा चामडे गुंडाळलेले मऊ टोक कडेच्या किंचित खाली हलकेच लावून लगेच मागे घेतात. घर्षण अधिक अवघड आहे. आधी एक ठोका देऊन नाद जागवतात, मग दांडी जवळजवळ उभी धरून कडेला बाहेरून टेकवतात आणि मनगट स्थिर ठेवून, जात्याचा खुंटा फिरवावा तसा सबंध हात सावकाश फिरवतात. आवाज लवकर येत नाही म्हणून नवशिका वेग वाढवतो, आणि बहुधा तेथेच बिनसते; कंप वाढला की कड दांडीपासून सुटून परत तिच्यावर आपटू लागते आणि नादाऐवजी खडखड ऐकू येते. उपाय उलटा आहे: वेग कमी करायचा आणि दाब थोडा वाढवायचा. चामडे लावलेल्या दांडीने खालचा, भरीव स्वर निघतो, तर उघड्या कठीण लाकडाने बहुधा वरचा, बारीक स्वर पुढे येतो. एकाच वाडग्यातून दोन्ही स्वर स्वच्छ वेगळे काढता येणे ही वादकाच्या हाताची खरी परीक्षा मानावी.

घर्षणातून नाद निघण्याचे कारण सारंगीच्या गजासारखेच आहे. दांडी कडेला क्षणभर चिकटते, घसरते, पुन्हा चिकटते, आणि या झटक्यांतून कडेला सतत ऊर्जा मिळत राहते. मूळ स्वरात कडेचे वर्तुळ आलटून पालटून आडवे व उभे लंबगोल होते, त्यामुळे तिच्यावर चार निस्पंद बिंदू, म्हणजे जेथे कंप जवळजवळ नसतो अशा जागा, तयार होतात. त्यावरच्या स्वरात अशा जागा सहा असतात आणि त्याची वारंवारता मूळ स्वराच्या साधारण पावणेतीन पट भरते. हे प्रमाण पूर्णांकी नसल्यामुळे तंबोऱ्याच्या स्वयंभू स्वरांसारखा मेळ येथे जमत नाही, आणि नाद काहीसा परका वाटतो. दांडी फिरते तसा हा आकृतिबंधही तिच्याबरोबर फिरतो, म्हणून एका जागी बसलेल्या श्रोत्याला प्रत्येक फेऱ्यात नादाचे चार चढउतार ऐकू येतात. नुसत्या आघातानंतर ऐकू येणारी लाट वेगळी. जाडीतील असमानतेमुळे मूळ स्वर दोन अगदी जवळच्या वारंवारतांत विभागला जातो. त्या २०० आणि २०२ हर्ट्झ असल्या तर सेकंदाला दोन हेलकावे येतात. यांनाच विस्पंद म्हणतात. या हेलकाव्यांचा संबंध मेंदूच्या लहरींशी जोडणारी माहितीपत्रके विपुल आहेत. घणाच्या खुणांचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो.

वाडग्यात पाणी घालून वाजवल्यास हा कंप डोळ्यांना दिसतो. कडेलगत चार ठिकाणी पाणी थरथरते आणि नाद वाढल्यावर त्यातून थेंब उडू लागतात. कंप पावणाऱ्या द्रवाच्या पृष्ठावरील अशा लहरींचे वर्णन मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये केले होते, तर २०११ मध्ये देनी तेरवान्य आणि जॉन बुश या संशोधकांनी तिबेटी म्हणवल्या जाणाऱ्या वाडग्यांतच त्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

‘तिबेटी’ हे विशेषण मात्र सैलपणे वापरले जाते. तिबेटी बौद्ध विधींत हातघंटा आणि तिंगशा नावाच्या छोट्या झांजा निश्चित आहेत, जपानी मंदिरांत वाडग्याच्या आकाराची घंटा ठोक्याने वाजवतात. पण वाडग्यांच्या नादाची आजची लोकप्रियता मोठ्या प्रमाणात पाश्चात्त्य श्रोत्यांनी घडवली असून हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांच्या १९७२ मधील ‘टिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेचा त्यात मोठा वाटा आहे.

विश्रांतीचा अनुभव यामुळे खोटा ठरत नाही. एक ठोका दिल्यावर नाद विरत जातो, त्याचा शेवट नेमका कोठे झाला हे ठरवण्यासाठी लक्ष आपोआप बारीक होते आणि श्वासही संथ होतो. वादकाने दुसरा ठोका घाईने दिला की हा सारा परिणाम वाया जातो. अमेरिकेतील एका पाहणीत ६२ व्यक्तींनी अशा सत्रानंतर ताण व थकवा कमी झाल्याचे सांगितले, पण तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे हा गुण वाडग्याचा की तासभर शांत पडून राहण्याचा, हे तीवरून सांगता येत नाही. महाराष्ट्रात काशाच्या वाटीने तळपायाला तूप वा तेल चोळण्याची जुनी रीत आहे. धातू तोच असला तरी तेथे नादाचा संबंध नाही, तेव्हा एका वापराच्या गुणांची साक्ष दुसऱ्यासाठी काढू नये.

वाडगा विकत घेताना तो हातावर सपाट ठेवून मऊ टोकाने एकच ठोका द्यावा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबावे. तडा गेलेले कासे बद्द वाजते, ते तत्काळ कळते. लेथवर केलेला पितळी वाडगाही ध्यानापुरता चालतो, फक्त त्याचा नाद बहुधा लवकर संपतो. किंमत या नादाची द्यावी. सात धातूंसाठी किंवा तिबेटी पुरातनत्वासाठी जादा पैसे मोजू नयेत.