बोर्डिंगांच्या गावातील एक अपुरा विषय

कोल्हापूर शहरात ज्या इमारतींना लोक आजही 'बोर्डिंग' म्हणूनच ओळखतात, त्यांच्यापुढून जाताना माझी पावले नेहमी मंदावतात. शिक्षणाची भूक असूनही ज्या मुलास शहरात बिऱ्हाड मिळत नव्हते, त्याच्या जेवणाखाणाची व निवाऱ्याची तजवीज राजर्षी शाहू महाराजांनी येथे केली : १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे इतरही अनेक. मुले राहिली, शिकली, वकील-मामलेदार झाली. परंतु वर्गात त्यांच्यापुढे जी पुस्तके उघडली गेली, त्यांत त्यांचा वाडा, त्यांची आळी, त्यांचा पूर्वज कितीसा होता? विद्यार्थ्यास महाविद्यालयात प्रवेश देणे हे अर्धे काम झाले. त्याच्या समाजाचा इतिहास पुराव्यानिशी अभ्यासाचा विषय करणे हे उरलेले अर्धे होय, आणि ते आपल्याकडे अद्याप अपुरे आहे.

हाच प्रश्न एका दूरदेशी फार तीव्रतेने विचारला गेला. १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा सुमारे अर्धा मुलूख अमेरिकेच्या अमलाखाली गेला. माणसे जागच्या जागी राहिली आणि राज्य मात्र बदलले. निपाणी-बेळगावच्या मराठी माणसास याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. या लोकांची, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतून येऊन तेथे वसलेल्यांची, म्हणजे ज्यांना आज लॅटिनो म्हणतात त्यांची मुले ज्या शाळांत जात, तेथे त्यांच्या पूर्वजांचा उल्लेख क्वचितच येई. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्गांतून बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत स्वतःच्या इतिहासाचे शिक्षण ही एक प्रमुख मागणी होती. त्याच वर्षी त्या शहरातील सरकारी महाविद्यालयात मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास सुरू झाला, आणि १९६९ साली सांता बार्बरा येथे जमलेल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी अशा अभ्यासाचा सविस्तर आराखडा तयार केला. विरोधही झाला. २०१० साली अ‍ॅरिझोना राज्याने केलेल्या कायद्यामुळे टूसॉन शहरातील शाळांमधला हा अभ्यासक्रम बंद पडला. २०१७ साली संघीय न्यायाधीशांनी ती बंदी घटनाबाह्य ठरविली. ज्या विषयावर बंदी घालण्यासाठी विधिमंडळास कायदा करावा लागतो, तो विषय दुबळा खचितच नसतो.

अमेरिकेकडे पाहून आपला प्रश्न ओळखण्याची रीत मराठीला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच. सुमारे शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावही तिकडूनच आले होते. पुढे 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) ही उपेक्षितांच्या जगण्याची आत्मकथने प्रसिद्ध झाली, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेली, आणि ज्या घरात कधी असे दुःख शिरले नव्हते त्या घरातील विद्यार्थ्यासही आपल्याच गावची दुसरी बाजू प्रथमच दिसली. हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो, कारण असा अभ्यास केवळ त्या त्या समाजाच्या मुलांपुरता नसतो.

साहित्याने जेवढे केले, तेवढे इतिहासाच्या वर्गात झाले नाही. वस्तुतः कोल्हापुराएवढी अनुकूलता क्वचितच कोणास असेल. १९६२ साली येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहाससंशोधक होते, आणि शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या कागदपत्रांचे खंड याच विद्यापीठातून निघाले. तरीही शाहूंचे नाव वर्षातून दोनदा, जयंतीस आणि पुण्यतिथीस, हारांखाली झाकले जाते, आणि कागद कपाटातच राहतात. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे व्याख्यानातून सर्वांनी ऐकलेले असते. पण १८९४ साली, महाराज गादीवर आले तेव्हा, दरबारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या, हा आकडा शेजारी ठेवून तो हुकूम वाचला म्हणजे त्याची निकड विद्यार्थ्याच्या ध्यानी येते.

आणि हे जुने कागद वाचायचे म्हणजे ते ज्या लिपीत आहेत ती मोडी आली पाहिजे. मोडीत आधी कागदावर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत, त्यामुळे शब्द संदर्भाने ओळखावा लागतो. पहिले चार दिवस विद्यार्थ्यास ओळीत नुसती वळणेच दिसतात. पाचव्या दिवशी 'मौजे' हा शब्द लागतो, त्यापुढे गावाचे नाव लागते, आणि ते गाव आपल्या आजोळच्या शेजारचे निघाले म्हणजे तो मुलगा खुर्ची पुढे ओढून बसतो. त्या क्षणी इतिहास परीक्षेचा विषय राहात नाही. ऐकीव अभिमान आणि कागदावरचे सत्य यांतील अंतर मोजण्याची सवय त्याला येथेच लागते. आणि आपल्या समाजाविषयी अप्रिय मजकूर निघाला तर तोही तो वाचतो.

म्हणून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास, मग तो शास्त्र शाखेचा का असेना, स्थानिक समाजेतिहासाचा आणि मोडीवाचनाचा एका सत्राचा तरी विषय असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणि वाचकांस एक विनंती : ज्यांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल बांधून ठेवलेला असेल, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नये, विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन दाखवावा.