टाकीत भरलंय काय?

तारकर्लीच्या होडीत बसलेला पर्यटक सिलिंडरकडे बोट दाखवून हमखास म्हणतो, 'ही ऑक्सिजनची टाकी ना?' ती तशी नसते. आत असते आपली रोजचीच हवा, गाळून, कोरडी करून, २०० बारच्या आसपास दाबाने ठासलेली. त्यात ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के आणि नायट्रोजन ७८. निव्वळ ऑक्सिजन घेऊन उतरायचं, तर सहा मीटरच्या खाली जायची सोय नाही. त्याखाली हाच प्राणवायू मज्जासंस्थेवर उलटतो, झटके येतात आणि तोंडातलं रेग्युलेटर सुटतं. तारकर्लीतच पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथला सरावाचा तलाव आठ मीटर खोल आहे, म्हणजे पर्यटकाच्या कल्पनेतली टाकी त्या तलावाच्या तळाशीही घातक ठरेल.

सगळा खेळ दाबाचा आहे. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. रेग्युलेटर प्रत्येक श्वास भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाने देतं, त्यामुळे टाकी चौपट वेगाने संपते आणि छातीत नायट्रोजनही चौपट जातो. शरीराला त्याचा उपयोग शून्य, पण तो रक्तात आणि चरबीत विरघळून बसतो. डायव्हर घाईने वर आला, की सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडली. शिवाय तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनची नशा चढू लागते, ती वेगळीच.

मग नायट्रोजनच कमी केला तर?

हवेतून नायट्रोजन वगळण्याचं काम महाराष्ट्राने समुद्रापासून फार लांब पाहिलं आहे. कोविडच्या काळात नंदुरबारने, म्हणजे सातपुड्यातल्या मोलगी-धडगावच्या जिल्ह्याने, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प उभे केले. अशा यंत्रात झिओलाइटचे खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. डायव्हिंगवाल्यांच्या यंत्रात खड्यांच्या जागी बारीक नळ्यांचा पडदा असतो, आणि त्यांना वाटेतच थांबायचं असतं: ३२ किंवा ३६ टक्क्यांवर. या मिश्रणाचं नाव नायट्रॉक्स. ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स घेऊन तीस मीटरवर गेलेल्याच्या अंगात नायट्रोजन मुरतो तो साध्या हवेवर सुमारे चोवीस मीटरवर मुरेल तेवढाच. त्यामुळे तळाशी जास्त वेळ मिळतो.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ पठार आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खाली. तिथे प्रवाळ मोजत राहायचं, तर नायट्रॉक्ससारखं मिश्रण कामी येतं.

पण वेळ वाढतो तशी खोली आखडते. ३२ टक्क्यांवर साधारण ३३ मीटर, ३६ वर २९ मीटर. त्याखाली ऑक्सिजनचा धोका सुरू. म्हणून सिलिंडरला हिरवा-पिवळा पट्टा असतो, आणि ज्याला तो वापरायचा त्याने विश्लेषक यंत्र लावून टक्केवारी स्वतः मोजायची, ती आणि कमाल खोली पट्टीवर लिहायची, असा शिरस्ता आहे. चाळीस टक्क्यांच्या पुढे उपकरणांचीही परीक्षा होते. झडपेत तेलाचा किंवा ग्रीसचा अंश राहिला, तर दाबाखालचा ऑक्सिजन त्याला पेटवू शकतो. म्हणून अशी सामग्री खास धुऊन वेगळी ठेवतात.

आणखी खोल जायचं तर नायट्रोजन काढून हेलियम भरावा लागतो, कारण तो नशा आणत नाही. अमेरिकी नौदलाने १९३९ मध्ये सुमारे ७३ मीटरवर बुडालेली 'स्क्वालस' पाणबुडी काढताना हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण वापरलं. कोकणाला हेलियम परका नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा टिपली ती मात्र गुंटूरहून. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला दुर्बिणी घेऊन आले ते १८९८ च्या ग्रहणाला.

या वायूचा महाराष्ट्राजवळचा खरा वापर होतो तो मुंबई हायवर, समुद्रातल्या तेलक्षेत्रात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, पंचाहत्तरेक मीटर खोल तळावरच्या तेलवाहिन्यांची दुरुस्ती माणसाला करायची असेल, तर रोज खाली-वर करणं परवडत नाही. म्हणून सॅच्युरेशन डायव्हर जहाजावरच्या पोलादी कोठीत तळाइतक्याच दाबाखाली आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. कामाला निघायचं ते दाबाखालच्या बंद घंटेत, म्हणजे डायव्हिंग बेलमध्ये बसून. एवढ्या खोलीवर मिश्रणात पाच टक्के ऑक्सिजन पुरतो. दाब साडेआठपट असल्याने तेवढ्यानेच शरीराला पृष्ठभागाच्या दुप्पट प्राणवायू मिळतो. तोच वायू होडीवर कुणी ओढला, तर काही क्षणांत शुद्ध हरपेल.

हेलियम उष्णताही झपाट्याने पळवतो, म्हणून सूटमध्ये सतत गरम पाणी खेळवतात. आवाज चिरका, बदकासारखा होतो. वरच्या माणसांना शब्द कळावेत म्हणून तारेवर तो सुधारणारं यंत्र बसवलेलं असतं. काम संपलं की दाब उतरवायला काही दिवस जातात, काम आठवड्याचं असो वा महिन्याचं. मग कोठीचं दार उघडतं, डायव्हर साधी २१ टक्क्यांची हवा घेतो आणि घरी फोन लावतो, आपल्या मूळ आवाजात.