रजा टाकून पिच्चर

अहमदपूरहून पुण्याला निघणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये दवाखान्याच्या फायली घेतलेली माणसं असतात, एमपीएससीची पुस्तकं घेतलेली पोरं असतात आणि बहुतेक वर्षी जानेवारीत त्यांच्यात मी असतो, पिच्चर बघायला निघालेला. शेजारच्याने ‘कशासाठी निघालाव?’ विचारलं की पूर्वी मी ‘काम हाय’ म्हणायचो. ते काही खोटं नव्हतं. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे ‘पिफ’मध्ये, दिवसाला चार-पाच सिनेमे बघायला तयारी लागते, थोडं कसब लागतं आणि रात्री पाठ दुखते.

पुणे फिल्म फाउंडेशनचा हा महोत्सव २००२ साली सुरू झाला. डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक. मराठी स्पर्धेतल्या उत्तम चित्रपटाला इथे ‘संत तुकाराम’ नावाचा पुरस्कार देतात. नाव योग्यच आहे. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता. महोत्सव ही साहेबी थेरं आहेत असं आमच्याकडे कुणी म्हणालं, की मी एवढंच सांगतो.

कामाची सुरुवात वेळापत्रकापासून. एकीकडे चित्रपटगृहं, दुसरीकडे वेळा, आणि मधल्या चौकटींत देशोदेशीची अनोळखी नावं. पहिल्या वर्षी मी नामांकित दिग्दर्शकांच्या नावांवर खुणा करत सुटलो. आता पद्धत वेगळी आहे. जो चित्रपट पुढे थिएटरात लागणारच, तो आधी खोडायचा. ज्याचा एकच खेळ आहे, तो आधी धरायचा. दोन खेळ असतील तर दुसऱ्याची वाट बघायची, कारण तोवर रांगेत त्याचा निकाल लागलेला असतो. लांबी बघायची. कोथरूडच्या सिटी प्राइडमधून लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचायचं, तर मधली रिक्षा आणि कर्वे रोडची गर्दी हिशेबात धरायची. चहाला पंधरा मिनिटं राखून ठेवायची. जेवणाला वेळ उरत नाही, वडापाव असतो.

मग रांग. आठवडाभराचा पास मिळतो, पण पास म्हणजे खुर्ची नाही. चांगल्या खेळाला अर्धा तास आधी उभं राहावं लागतं. पुढे निवृत्त बँक अधिकारी, मागे फिल्म इन्स्टिट्यूटची पोरं, मध्ये कुणी शबनमवाल्या बाई. पुस्तिकेत प्रत्येक चित्रपट ‘हृदयस्पर्शी’ असतो. रांगेत खरं कळतं. ‘तो पोलिश सोडू नका’, ‘त्या फ्रेंचला झोप काढा’. दार उघडलं की सगळी सभ्यता संपते. रुमाल, पिशव्या, मफलर खुर्च्यांवर पडतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या आम्हा लोकांना इथे पुणेकर हरवू शकत नाहीत. जागा नाहीच मिळाली तर पायऱ्यांवर बसायचं.

खरं अवघड काम असतं पडद्याच्या तळाशी. बोलणं फारसी, हंगेरियन, कोरियन आणि खाली इंग्रजीच्या दोन ओळी. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. पहिल्या दिवशी मी अख्खा सिनेमा वाचला आणि एकही चेहरा बघितला नाही. हळूहळू डोळ्याला सवय झाली. ओळ आली की एका नजरेत उचलायची, अडलेला शब्द सोडून द्यायचा आणि लगेच वर माणसाकडे बघायचं. कमी बोलणाऱ्या सिनेमांपासून सुरुवात करावी. अब्बास कियारोस्तामीचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ (१९८७) हा त्यासाठी फार चांगला. चुकून आलेली मित्राची वही परत द्यायला एक पोरगं डोंगराच्या नागमोडी वाटेने शेजारच्या गावात जातं, बस. बालाघाटाच्या कुशीत वाढलेल्या माणसाला ते चढणारं पोर कळायला इंग्रजी लागत नाही.

पण ज्याच्यासाठी मी दरवर्षी रजा टाकतो, तो अनुभव बेला तारच्या ‘द तुरिन हॉर्स’ने (२०११) दिला. कृष्णधवल, अडीच तासांना चार मिनिटं कमी, आणि एवढ्या वेळात जेमतेम तीस दृश्यतुकडे. माळावर एकच घर. बापाचा उजवा हात निकामी. मुलगी त्याला कपडे चढवते, पाणी आणते, बटाटे उकडते. दोघं एकेक गरम बटाटा हाताने सोलून खातात. बाहेर वारा थांबत नाही. घोडं आधी गाडी ओढायचं बंद करतं, मग खायचं. पहिल्या तासात लोक उठायला लागले. एक जण जाताना ‘बटाट्याचा सिनेमा’ म्हणाला, आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. चौथ्या दिवशी मुलगी बादल्या घेऊन विहिरीवर जाते आणि विहीर आटलेली असते.

मी हे बघितलं ते २०१६च्या उन्हाळ्यानंतर. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. दिल्लीच्या वाहिन्या त्या गाडीचे टँकर मोजत होत्या तेव्हा आमच्या तालुक्यात माणसं घागरी मोजत होती. सिनेमात बाप आणि मुलगी सामान गाडीवर भरतात, टेकडीपलीकडे दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने तसेच माघारी येतात. का, ते दिग्दर्शक सांगत नाही. बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘फार प्रतीकात्मक आहे’. मला प्रतीक दिसलंच नाही. विहीर आटली होती, माणसं निघाली होती, पलीकडेही काही नव्हतं म्हणून परत आली होती. या दिग्दर्शकाविषयी पुष्कळ जाडजूड लिहिलं जातं. मला वाटतं, ते लिहिणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी आटलेल्या विहिरीत वाकून बघितलं असेल.

सिनेमा पडद्यावर येतो कसा, याचंही मला पहिल्यापासून वेड. लोह्याजवळच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. तसल्या यात्रांतल्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत एकच यंत्र असायचं. रीळ संपलं की दिवा लागायचा, शिट्ट्या व्हायच्या, नवं रीळ चढायचं. दोन यंत्रं असली की खेळ थांबत नाही. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो, तो ऑपरेटरला इशारा असतो. हे कळल्यापासून जुनी प्रिंट दिसली की माझी नजर त्या कोपऱ्यात जाते. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो आणि त्याची डिजिटल किल्ली ठरलेल्या पडद्यावर, ठरलेल्या वेळातच चालते. एका चित्रपटगृहात ती लागेना, तेव्हा आम्ही बराच वेळ पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो. शिट्टी मारायची फार इच्छा झाली. महाराष्ट्रातल्या त्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ साली कानच्या महोत्सवात गौरवला गेला. जमेल तिथून मिळवून बघा.

रात्री मुक्काम सदाशिव पेठेत, भाच्याच्या कॉट बेसिसच्या खोलीवर. लातूर-नांदेडची पोरं, भिंतीवर नकाशे, जेवण मेसचं. ‘मामा, गाणे न्हाईत, मारामारी न्हाई, मग बघता काय?’ हा प्रश्न ठरलेला. समजावून सांगत बसण्यात अर्थ नसतो. एकदा त्याला जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ बघायला नेलं. २०२३ साली टोरांटोत नेटपॅक पुरस्कार मिळालेला चित्रपट, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, आणि त्यातली बरीचशी माणसं खरोखर गावातलीच. सुरुवातीला स्वप्नात बायका मिळून मुलगा बघायला बसतात तेव्हा भाचा खदखदून हसला. नंतर मुलीला पुन्हा पुन्हा पाटावर बसवून रंग, उंची, शिक्षण विचारायला लागले, तसा तो गप्प झाला. त्याच्या बहिणीचं त्याच वर्षी बघणं चाललं होतं. खोलीवर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, ‘उद्या कोणता हाय?’

आता पुण्यालाच जायला हवं असंही नाही. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव असतो, आणि पुणे फिल्म फाउंडेशनच्या साथीने लातूरलाही आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला आहे. आयोजकांना माझी एकच विनंती: दोन-चार तरी परदेशी चित्रपटांना खाली मराठी ओळी द्या. मराठवाड्यातला प्रेक्षक मोठा सिनेमा टाळतो असं मला वाटत नाही. इंग्रजी ओळींच्या भीतीने तो तिकीट खिडकीशीच थबकतो. आणि तुम्ही जाणार असाल तर पहिल्या दिवशी तीनच सिनेमे धरा, रुमाल मोठा न्या, आणि एखादा कंटाळवाणा वाटला तर उठण्याआधी त्याला आणखी दहा मिनिटं द्या.