येसर निखाऱ्यावर

मराठवाड्यात मटणाच्या रश्शाला दाटपणा येतो तो येसर मसाल्यामुळे. धान्य, हरभऱ्याची डाळ नि गरम मसाले भाजून केलेलं हे दळण. कुंभार पिंपळगावसारख्या गावात बाभळीच्या निखाऱ्यावर कोंबडी भाजायची, तर हाच मसाला कोरडा चोळून बघावा. अमेरिकेत याला ‘ड्राय रब’ म्हणतात. आपल्याकडे तो डब्यात तयारच असतो.

पण आधी मीठ. किलोला 10-12 ग्रॅम चोळून ठेवलं की मांसाला पाणी सुटतं. सुटू द्या. त्याच पाण्यात मीठ विरघळून हळूहळू आत शिरतं, प्रथिनं सैल करतं आणि भाजताना रस धरून ठेवायला मदत करतं. मसाल्याचं तसं नाही. रात्रभर मुरवलं तरी त्याचा बहुतेक स्वाद वरवरच राहतो, त्यामुळे ‘आतपर्यंत मुरलंय’ या कौतुकातलं निम्मं श्रेय मिठाचं!

खमंगपणा येतो तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. ती साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते, आणि ओला पृष्ठभाग 100 अंशांपाशीच अडकतो. म्हणून सुटलेलं पाणी टिपून मगच मसाला चोळायचा. उरलासुरला ओलावा त्यातलं पीठ शोषतं. गूळ घालायचा मोह झाला तर शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर तो करपून कडू होतो. तिखटाचंही तेच, म्हणून निखारे एका बाजूला सारून कोंबडी दुसरीकडे ठेवावी. आतलं तापमान मात्र 74 अंशांवर जायलाच हवं.